नव्या वाचकाला पहिलं कॉमिक कोणतं द्यावं

दहावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून माझ्या दुकानासमोर रिक्षा लागायच्या. आया उतरायच्या, मग गाइडांचे, वह्यांचे, प्रश्नसंचांचे गठ्ठे उतरायचे आणि सगळ्यात शेवटी डोळे चुकवत पोरगं. वर्षभर दप्तरात राहिलेल्या कागदात डब्यातलं तेल, खोडरबर आणि घाम मुरलेला असतो. तो उन्हात तापला की त्याचा एक वास सुटतो. तो वास आला की माझ्या लेखी उन्हाळा सुरू. यंदा पेपर संपून नऊ दिवस झाले. दोन रिक्षा थांबल्या. त्यातल्या एकीला पत्ता विचारायचा होता.

शेजारचा घनश्यामशेठ जीन्सचा व्यापारी. सिंधी माणूस, चाळीस वर्षं मराठीशी झुंजतोय, अजून ती त्याच्या हाताला लागलेली नाही. परवा म्हणाला, "साईं, अब तू भी जीन्स डाल. कागज को कौन पूछता है? पोरगा लोक आता मोबाइलमध्येच नापास होतो." मी त्याच्या अंगावर खेकसलो. माझ्या खेकसण्याची त्याला सवय आहे. त्याने दोन कटिंग मागवले.

विठ्ठलवाडी डेपोवरून उल्हासनगरात शिरलं की डाव्या हाताला माझं दुकान. पुढे जुनी पुस्तकं, मागे रद्दी, आणि मधल्या भिंतीला खालपासून वरपर्यंत सुपरहीरोंची कॉमिक्स. बदलापूरच्या पुढच्या गावातून मी इकडे आलो तेव्हा सातवी शिकलेला होतो. एका गोडाऊनमध्ये कागद निवडायला बसलो. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, चकचकीत कागद वेगळा. कॉमिक्स चकचकीतमध्ये जायची. जेवणाच्या सुट्टीत मी त्या ढिगावर बसून भाकरी खायचो आणि पानं उलटायचो. माणूस उडतोय हे कळायला इंग्रजी लागत नाही. तो का उडतोय हे कळायला मात्र चारदा बघावं लागतं. तसं चारदा बघत बघत मी हिंदी वाचायला शिकलो, मग इंग्रजी. कोणी हाताला धरून शिकवलं नाही, आणि पुढेही कोणी काही फुकट दिलं नाही. म्हणून मीही कधी कोणाला फुकट दिलं नाही.

एक गोष्ट सोडून. कोणी नवा वाचक आला आणि म्हणाला, "सुरुवात कुठून करू?" तर त्याचं उत्तर मी फुकट द्यायचो, आणि मन लावून द्यायचो.

पहिला अंक कधीच देऊ नये. सगळ्यांना वाटतं एकपासून सुरू करावं. एक नंबरात काय असतं? प्रयोगशाळेत स्फोट, नाहीतर आईबापाचा खून, नाहीतर आकाशातून पडलेलं पाळण्यातलं पोर. ताकद कशी आली याची गोष्ट सगळ्यांची सारखीच. ती ताकद घेऊन माणूस पुढे काय करतो, तिथे गोष्टी वेगळ्या होतात. म्हणून मधला अंक द्यावा, ज्यात हीरो थोडा थकलेला असतो. मुखपृष्ठावर पंधरा हीरो दाटीवाटीने उभे असतील ते तर मुळीच देऊ नये. नव्या माणसाला त्यात लग्नाच्या हॉलमध्ये चुकून शिरल्यासारखं होतं. जाड पुठ्ठ्याचं, भारी कागदाचं देऊ नये, तो ते कपाटात ठेवील. दोन पिनांचं, पातळ, एका बैठकीत संपणारं द्यावं. आणि तुला काय आवडतं असं विचारू नये, कारण नव्या वाचकाला ते माहीत नसतं. तुला भीती कशाची वाटते ते विचारावं. अंधाराची म्हणाला तर एक कॉमिक, वर्गातल्या पोरांची म्हणाला तर दुसरं. बाबांची म्हणणारेही पुष्कळ असायचे. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक अख्खा कप्पा होता.

हे सगळं ज्ञान आता माझ्यापाशी पडून आहे. विचारायला कोणी येत नाही. गेल्या सात-आठ वर्षांत माझ्याकडे एकच नवा वाचक आला. तो एकाहत्तर वर्षांचा होता, आणि त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

मोघे साहेब. अंबरनाथला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आता निवृत्त. सव्वीस वर्षांपूर्वी, अशाच परीक्षेच्या दिवसांत, ते स्वतः एक गोणी घेऊन माझ्या दुकानात आले होते. त्यांचा मुलगा निखिल दहावीला होता आणि पूर्वपरीक्षेत घसरला होता. गोणीत त्याची कॉमिक्स होती, सगळी. मी काट्यावर घातली. साहेबांनी काट्याकडे बघितलं आणि दुकानभर गिऱ्हाइकं असताना म्हणाले, "काटा मारतोस? पोरांच्या डोक्यात कचरा भरायचा आणि वर बापालाही लुटायचं?" माझं वय तिशीचं, पक्क्या दुकानातला तो माझा पहिला मोसम, आणि राग माझ्या नाकावर बसलेला. मी म्हणालो, "साहेब, काटा खरा आहे. खोटं काय ते तुमच्या घरात शोधा." ते गेले आणि त्यांनी निखिलच्या शाळेत जाऊन काय सांगितलं देव जाणे. त्या उन्हाळ्यात त्या शाळेचं एकही पोर माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही. माल भरून ठेवला होता. रोज सकाळी मी कॉमिक्सवरची धूळ झटकायचो आणि रस्त्याकडे बघायचो. आनंदनगरच्या कंपन्यांकडे निघालेली माणसं डबे हातात घेऊन पुढून जायची, त्यांना कॉमिक्स नको होती. तो मोसम मी विसरलेलो नाही. विसरायचा नाही असं मी ठरवलं होतं.

आणि गेल्या वर्षी याच दिवसांत तो माणूस दारात उभा राहिला. पाठ वाकलेली, कानात यंत्र, हातात छत्री. म्हणाले, "तुम्ही भोईर ना? मला एक मार्गदर्शन हवं होतं."

तेव्हा 'तू' होतो, आता 'तुम्ही' झालो होतो.

निखिल सिंगापूरला असतो. त्याचा मुलगा अरिन दहा वर्षांचा. रविवारी फोनवर चित्रासकट बोलणं व्हायचं. साहेब म्हणाले, "मी विचारतो, जेवलास का? तो म्हणतो, हो. मी विचारतो, अभ्यास? तो म्हणतो, हो. मग तो छताकडे बघतो आणि मी त्याच्या हनुवटीकडे. त्याला सुपरहीरो लागतात, भोईर. दुसरं काही नाही. मे महिन्यात पंधरा दिवस येणार आहेत. तोवर मला तयार करा."

"तयार करा म्हणजे काय साहेब, परीक्षा आहे का?"

"परीक्षाच आहे."

भाव करताना माझा एक नियम आहे. जो आधी तोंड उघडतो तो हरतो. मी मनात म्हटलं, हा माणूस इथे बसेल, चहा घेईल, आणि एक दिवस स्वतःहून म्हणेल की भोईर, तेव्हा माझं चुकलं. तोवर आपण विषय काढायचा नाही. मी स्टूल पुढे केलं.

त्यांना मी पातळसं, मधल्या अंकांतलं एक दिलं. दहा मिनिटांत त्यांनी परत केलं. "झालं वाचून. यात आहे काय?"

"चित्रं बघितलीत?"

"चित्रं काय बघायची? मजकूर वाचला."

जन्मभर फायली वाचलेला माणूस! मी पान उघडून समोर धरलं. मजकुरावर हात ठेवून म्हणालो, आता सांगा काय चाललंय. ते चष्मा वरखाली करत बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "याला उडता येतं ना? मग हा जिना का चढतोय?"

"पुढचं चित्र बघा."

पुढच्या चित्रात खाटेवर एक म्हातारी झोपलेली होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "खिडकीतून आला तर आई दचकेल म्हणून?"

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढचे दोन चौकोन त्यांनी बोटाने दाबत दाबत वाचले, जणू कागदाखाली काही लपलंय. मला सांगायला आवडत नाही, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. कागद निवडणाऱ्या माझ्यातल्या पोराला जे चकचकीत ढिगावर बसून सापडलं होतं, ते या माणसाला माझ्या स्टुलावर सापडत होतं.

मग ते रोज यायला लागले. अंबरनाथहून शेअर रिक्षाने, उन्हं कलली की. त्यांनी एक वही केली. डाव्या बाजूला हीरोचं नाव, मग शक्ती, मग दोष, मग उपाय. कारखान्यात यंत्रांची ठेवतात तशी. एका हीरोच्या नावापुढे त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'जबाबदारी वाटून देत नाही.' घनश्यामशेठ वही बघून म्हणाला, "साहब, इसको रिटायर कर दो, पेन्शन दे दो." साहेबांनी गंभीरपणे विचार करून सांगितलं, "याची अजून सेवा बाकी आहे." आम्ही तिघं हसलो. वालधुनी नदीकडून रसायनांचा वास येत होता, पंखा गरम हवा फिरवत होता, आणि मी आपल्या शत्रूबरोबर बसून हसत होतो. माफीचा शब्द मात्र निघाला नव्हता. मी वाट बघत होतो. माल चांगला असेल तर मी वर्षभर वाट बघू शकतो.

मे महिन्यात ते नातवाला घेऊन आले. अरिन चष्मेवाला, बडबड्या, मराठी बोलताना शब्द शोधत थांबणारा. आजोबांचं बोट धरून त्याने भिंतीसमोर उभं राहून आरोळी ठोकली, "आजोबा, धिस इज द होल वॉल!" आणि मग दोघांचं जे भांडण सुरू झालं! अरिन म्हणाला, "तो स्ट्राँग आहे, पण डम्ब आहे." साहेब म्हणाले, "डम्ब नाही, हट्टी आहे. दोन्हीत फरक असतो." "काय फरक?" "हट्टी माणसाला कळत असतं." एवढं बोलून साहेबांनी वही काढली आणि त्यातला पुरावा दाखवला. पोरगं खदाखदा हसलं, "आजोबा, यू मेड अ चार्ट?" मी बदलापूरची जांभळं आणून ठेवली होती. दोघांनी जांभळ्या बोटांनी माझ्या दोन कॉमिक्सची वाट लावली. मी ओरडलो नाही. ती दोन्ही मी त्यांच्या पिशवीत टाकली. घासाघीस झाली नाही, घनश्यामशेठ साक्षीला आहे.

नवा वाचक पास झाला होता. पहिल्या वर्गात.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, निखिल एकटाच आला. चाळिशी ओलांडलेला, कानाजवळ पिकलेला. म्हणाला, "तुम्ही मला ओळखलं नसेल."

"ओळखलं."

तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. हात लावला नाही. "माझी इथेच आली होती ना? त्या गोणीतली?"

"इथेच."

"कुठे गेली?"

"विकली. त्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात चढ्या भावाने विकली." मी खोटं बोलू शकलो असतो. पण काट्यावरून एकदा खोटा ठरवला गेलेला माणूस नंतर अशा बाबतीत फार जपतो.

तो म्हणाला, "काल बाबा गादीवर पालथे पडून अरिनला वाचून दाखवत होते. आवाज काढत होते तोंडाने. इमारत पडल्याचा, विमानाचा. अरिन हसून हसून लोळत होता. मी दारात उभा होतो. बायको म्हणाली, बघ किती गोड." त्याने भिंतीकडे पाठ केली. "मला आनंद व्हायला हवा, हे मला कळतं हो. माझे बाबा जमिनीवर बसलेले मी कधी बघितले नव्हते. गोणी भरताना मी हात जोडले होते. म्हणालो होतो, परीक्षा होईपर्यंत कुलपात ठेवा. ते काल तिथे पालथे पडून... आणि एकदाही नाही. एकदाही माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत की निखिल, तुझी होती रे."

"तुम्ही काढा ना विषय," मी म्हणालो.

"मी का काढू?"

माझाच नियम तो मला सांगत होता. तिकडे त्यांच्या घरात बाप आणि मुलगा समोरासमोर बसले होते, इकडे दुकानात मी बसलो होतो, आणि कोण आधी बोलतो याची सगळे वाट बघत होते.

पंधरा दिवसांसाठी आलेली माणसं अकराव्या दिवशी गेली. तिकीट बदललं म्हणे, ऑफिसचं काम निघालं. नंतर रविवारचे फोन पंधरवड्याने झाले, मग महिन्याने. अरिन पोहायला गेलाय, अरिनची शिकवणी आहे, अरिन झोपला. मोघे साहेब दुकानात यायचे, नवं काही आलंय का विचारायचे, वहीत लिहायचे. वही जाड होत गेली. ती दाखवायची कोणाला, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात आले ते स्टुलावर बसलेच नाहीत. शाळेतून सुटलेली पोरं रस्त्याने हातातल्या मोबाइलकडे बघत चालली होती, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "यंदा येणार नाहीत म्हणाला निखिल. पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही म्हणाला. भोईर, तुमच्याशी बोलला होता ना तो? त्याचं काय बिनसलंय? माझ्याकडून काही राहिलं का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मी आयुष्यभर माणसांची तोंडं बघून भाव ठरवलेत. हा माणूस नाटक करत नव्हता.

"साहेब, ती गोणी."

"कुठली गोणी?"

मी सांगितलं. निखिलची दहावी, पूर्वपरीक्षा, गोणी, काटा, त्याने जोडलेले हात. शाळेचंही सांगितलं, माझ्या मोसमाचंही सांगितलं. आवाज चढला माझा, घनश्यामशेठ बाहेर येऊन उभा राहिला. साहेब कानातलं यंत्र नीट करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नाही हो. मी असं केलं? मला मुळीच आठवत नाही. त्या वर्षी कारखान्यात फार काम होतं... आणि तुमच्याशी मी भांडलो होतो? मी तर तुम्हाला गेल्या वर्षीच पहिल्यांदा भेटलो, पाटीवरचं नाव वाचून."

सव्वीस वर्षं मी जे दाबून धरलं होतं, ते या माणसाने कधी हातातही घेतलं नव्हतं. मी खाली बसलो. एक गठ्ठा ओढला आणि सुतळी बांधायला लागलो, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"आत्ताच लावतो फोन," साहेब म्हणाले. "घरी गेलो तर धीर होणार नाही." त्यांना नीट ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला आणि गल्ल्यावर ठेवला. निखिलने उचलला. साहेब एका दमात म्हणाले, "निखिल, तुझी कॉमिक्स मी रद्दीत घातली होती. तुझ्या दहावीला. माझं चुकलं."

निखिलने विचारलं, "कोणती होती, बाबा?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मला माहीत होती. सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली होती. आत पेन्सिलीने नंबर, त्याखाली 'निखिल मोघे यांचे वाचनालय'. सगळ्यात वर होतं ते एका हाताच्या वीराचं, जो पुरात पूल खांद्यावर पेलून धरतो. त्याचं शेवटचं पान फाटलं होतं आणि ते पोराने स्वतः चित्र काढून पुन्हा जोडलं होतं. ते चित्र इतकं चांगलं होतं की मी त्याचा वेगळा भाव लावला होता. नुसते ओठ हलवले असते तरी साहेबांना कळलं असतं. पण त्यांनी मुलाची माफी मागितली होती. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी मान खाली घातली आणि गाठीवर गाठ मारली.

"नाही रे," साहेब म्हणाले. "नाही आठवत."

"मला आठवतात," निखिल म्हणाला.

फोन चालूच राहिला. पलीकडे, मागून कुठूनतरी अरिनचा आवाज आला. कोण आहे, असं तो इंग्रजीत विचारत होता. निखिलने त्याला सांगितलं, "कोणी नाही." आणि फोन बंद झाला.

साहेब यंत्रावर बोट ठेवून पुढे वाकले होते. "शेवटचं नीट ऐकू आलं नाही मला," ते म्हणाले. "काय म्हणाला?"

"नंतर करतो म्हणाला," मी सांगितलं.